कानाशी तळहात

किटलीची शिट्टी वाजत होती आणि बायको तिच्या शेजारीच ओट्याला टेकून शब्दकोडं सोडवत होती. तो डोकं पुसत स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा शिट्टी अगदी टोकाला जाऊन पोचली होती, खिडकीची काच थरथरत होती, खालच्या मजल्यावरचा कुत्रासुद्धा वैतागून भुंकायला लागला होता. बायकोनं पेन्सिलीचं टोक ओठावर टेकवलं, जरा विचार केला, एक अक्षर लिहिलं. तिच्या डाव्या कानामागे ऐकण्याचं यंत्र होतं, नेहमीसारखं केसांत अर्धं लपलेलं. मग वाफेचा लोट वळून तिच्या चष्म्यावर आला तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि गॅस बंद केला.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर काही वाटून घेतलं नसतं. माणूस कोड्यात गुंगला की होतं असं. पण तो कानांचा माणूस होता. त्याच्या संशोधन संस्थेत पाठीमागे सगळे त्याला 'कानवाले' म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. किटलीची शिट्टी किती उंच स्वरात वाजते, बायकोच्या कानात त्या स्वराचं काय उरलंय, आणि यंत्रानं तो किती वाढवून आत पोचवायला हवा, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. हे यंत्र त्यानंच निवडलं होतं, त्यानंच जुळवून दिलं होतं. बॅटरी संपली असेल, असं त्याला आधी वाटलं. पण बॅटरी संपताना ते यंत्र कानात टुकटुक करतं, आणि बायको त्या टुकटुकीवर नेहमी चिडायची. तो पुढे झाला. "केसांत काहीतरी अडकलंय," असं म्हणत त्यानं तळहात वाटीसारखा करून तिच्या डाव्या कानावर धरला. चालू यंत्रावर असा हात धरला की ते आपलाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकत किंचाळायला लागतं. हे शाळेतल्या पोरांनाही दाखवता येतं, त्यानं कितीदा दाखवलंही होतं. तो थांबला. तळव्याला तिच्या कानाची ऊब लागली, केस लागले. किंचाळी आली नाही. बायको मात्र एवढी दचकली की पेन्सिल हातातून पडून ओट्याखाली घरंगळली.

"काय झालं?" तिनं तोंड त्याच्याकडे वळवून विचारलं.

"काही नाही. धागा होता."

"कुठाय?"

"पडला."

ती पेन्सिल शोधायला वाकली आणि तो आपल्या तळहाताकडे बघत उभा राहिला. ती दचकली होती ते आवाजानं नव्हे, स्पर्शानं. आपला हात इथे शेवटचा कधी आला होता, हे त्याला आठवेना. पूर्वी ती किंचाळी घरात रोजची होती. तो तिला जवळ घ्यायचा तेव्हा त्याचा खांदा नाहीतर गाल यंत्रावर दाबला जायचा आणि दोघांच्या मधून एकदम शिट्टी उठायची. "हे बघ, तिसरं माणूस ओरडायला लागलं," असं ती म्हणायची आणि दोघं हसत सुटायची. मुलगी लहान असताना तर ती शिट्टी ऐकून दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "कळलं, कळलं!" ती शिट्टी घरातून कधी गेली? गेल्याचंही आपल्याला ऐकू आलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या वाक्याचा त्याला रागच आला, कारण ते व्याख्यानात वापरावं असं चटपटीत वाक्य होतं.

चहा घेताना त्यानं जे केलं ते त्याला स्वतःलाच नंतर बघवेना. त्यानं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मी आज घरी येणार नाही. कायमचाच जातोय." कागदापलीकडे कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "येताना पाव आण. संपलाय." आयुष्यभर तो हेच करत आला होता. आवाज द्यायचा आणि मान वळते का ते बघायचं. प्रयोगशाळेत आधी कोंबडीची पिलं होती, मग उंदीर. पिंजऱ्यामागे उभं राहून टाळी वाजवायची आणि कान हलतो का बघायचा. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, "आणतो" म्हणाला. तिनं त्याच्या ओठांकडे बघून मान हलवली.

संस्थेत जायला चालत अर्धा तास लागे. तेवढ्या वेळात त्याला नेहमी आवाज ऐकायची सवय होती. दुकानाचं शटर, बसच्या दाराचा सुस्कारा, कुठल्याशा गच्चीवर पाण्याची टाकी भरून वाहण्याचा आवाज. आज त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याला आठवत होता तो रुग्णालयाचा कॉरिडॉर आणि नर्सच्या ट्रेमधली ती छोटी बाटली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. बायकोच्या रक्तात जंतू पसरले होते, तापात ती कुणालाच ओळखत नव्हती, आणि डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता एकच औषध उरलंय. "कानांवर परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंडावरही. पण आज दिलं नाही, तर पुढचं काही सांगता येत नाही." त्यानं बाटलीवरचं नाव वाचलं. तीच बाटली त्याच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये होती. तो तेव्हा पिलांना तेच औषध टोचत असे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्यात आवाजाबरोबर डोलणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मारायच्या म्हणून. पिलांच्या पेशी मरत, आणि काही दिवसांनी पुन्हा उगवत. पक्ष्यांना ते जमतं. माणसाला जमत नाही. का जमत नाही, हाच तर त्याचा विषय होता. "द्या," तो डॉक्टरांना म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार? पण सुई टोचली जात असताना, आता तिच्या आत कुठल्या वळणावरची रांग आधी कोसळेल, कुठले स्वर आधी जातील, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तसं त्याला दिसत होतं. त्या खोलीत ते दिसणारा तो एकटाच होता. तिची आई पायाशी बसून म्हणत होती, "औषध मिळालं बाई एकदाचं." त्यानंही मान डोलावली होती.

ती जगली. आधी पक्ष्यांचे आवाज गेले, मग 'स' आणि 'श', मग फोन. शाळेत ती भूगोल शिकवायची; मागच्या बाकावरून येणारी उत्तरं पोचेनाशी झाली तशी तिनं शाळा सोडली आणि ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी शिकून घेतली. तिच्या बोटांना तेव्हापासून खळीचा वास येई. आणि तो प्रयोगशाळेत आणखी खोल उतरला. तुझे कान मी परत आणणार, असं त्यानं एकदा तिला म्हटलं होतं. ती त्यावर काय म्हणाली होती? त्याला आठवेना. काहीतरी म्हणाली असणारच.

प्रयोगशाळेत खोकी भरणं चाललं होतं. संस्थेनं त्याचा प्रकल्प बंद करायचं ठरवून बरेच महिने झाले होते. त्याची निवृत्तीही जवळ आली होती, तेव्हा कुणी फार वाईट वाटून घेतलं नव्हतं. त्याच्या हाताखाली शिकून आता स्वतःचा गट उभा करणारी सहकारी बाई काचपट्ट्यांच्या पेट्या वेगळ्या करत होती. "सर, हे ठेवायचं की टाकायचं?" ती दर दोन मिनिटांनी विचारत होती आणि तो "ठेव" म्हणत होता. शेवटी ती हसून म्हणाली, "सर, असं सगळंच ठेवलं तर मला बसायला व्हरांड्यात जागा द्यावी लागेल." तोही हसला. त्यानं एक काचपट्टी उजेडात धरली. या पट्टीमुळे त्याचं नाव झालं होतं. उंदराच्या कानात त्यानं खरोखरच नव्या पेशी उगवून दाखवल्या होत्या. परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या वर्षी कळलं की उंदराला तरीही ऐकू येत नाही. पेशी होती, तिच्यावर केस होते, आवाज आला की ते डोलतही होते. पण ती बातमी पुढे मेंदूकडे नेणारा मज्जातंतू तिच्याशी जोडलाच जात नव्हता. त्या एका सांध्यापाशी उरलेली सगळी वर्षं गेली. "याचं काय करू?" सहकारी बाईनं विचारलं. "तू ठेव," तो म्हणाला, "तुझ्याकडे."

मग तो आवाजबंद खोलीत जाऊन बसला. खोलीचं सामान अजून काढलेलं नव्हतं. भिंतींवर स्पंजाचे सुळके, मध्ये एक खुर्ची, समोर जाड काच आणि काचेपलीकडे यंत्रांचं टेबल. दार लागलं की इथे जग संपे. थोड्या वेळानं स्वतःचं रक्त ऐकू यायला लागे, मान वळवली की मणका कुरकुरलेला कळे. नवे विद्यार्थी पाच मिनिटांत घाबरून बाहेर यायचे. या खुर्चीवर त्यानं बायकोला दर वर्षी बसवलं होतं, कानांवर हेडफोन चढवून, हातात एक बटण देऊन. आवाज आला की बटण दाबायचं. तो काचेपलीकडे बसून स्वर सोडी आणि तिच्या अंगठ्याकडे बघे. एका वर्षी तिनं भलत्याच वेळी बटण दाबलं, स्वर सोडलेलाच नसताना. एकदा नव्हे, चारपाचदा. त्यानं माइक चालू करून, मग ऐकू जात नाही हे लक्षात येऊन, काचेजवळ येऊन ओरडून सांगितलं होतं, "ऐकू येत नसेल तर दाबू नकोस! सगळा आलेख बिघडतो!" तिनं काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखी मान हलवली. मग उरलेला सगळा वेळ तिचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला राहिला. घरी जाताना ती म्हणाली होती, "तुझा चेहरा एवढा उतरला होता, म्हटलं एकदोन तरी ऐकावेत." त्यावर त्यानं तिला अशा चाचण्यांत दयेला का जागा नसते, ते बसथांब्यापर्यंत समजावून सांगितलं होतं. आणि ती ऐकत होती. त्याच्या तोंडाकडे बघत, त्यासाठी अर्धवट उलटी चालत, दिव्याच्या खांबावर आदळता आदळता वाचत.

बाहेर येऊन त्यानं मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि दुपारच्या सुट्टीत होती. पलीकडे काटेचमच्यांचा, माणसांच्या बोलण्याचा गलका होता.

"आईचं यंत्र बंद असतं का ग?" त्यानं एकदम विचारलं.

 मुलगी गलक्यातून उठून कुठेतरी बाहेर आली असावी, कारण तिचा आवाज जवळ आला. "बाबा, तुम्हाला आत्ता कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"आठेक महिने झाले की. व्हिडिओवर बोलताना मला आधीच सांगितलं तिनं. जरा सावकाश बोल, यंत्र बंद आहे म्हणाली. मला वाटलं, तुम्हाला..." ती थांबली. "बाबा, तुम्ही एका घरात राहता ना?"

"राहतो."

"मग बोलता कसं तुम्ही?"

 तो ते महिने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होता. तो बोलत होता, भरपूर बोलत होता. बाथरूममधून, कपाटात डोकं घालून, बूट काढताना, पाठमोरा. ती "हं" म्हणायची, कधी काहीच म्हणायची नाही. आणि मग त्याला एक संध्याकाळ आठवली. प्रकल्प बंद होणार हे ज्या दिवशी समजलं, त्या दिवशी तो घरी येऊन दाराशी वाकून बुटाच्या नाड्या सोडत बसला होता आणि तिथूनच आतल्या खोलीकडे म्हणाला होता, "संपलं ग. बंद करतायत माझं काम." म्हणताना त्याचा आवाज फुटला होता, म्हणून त्यानं मान वर केली नव्हती. आतून काही आलं नाही. मग ती बाहेर आली, त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "जेवायला वाढू?" त्या रात्री तो जेवला, झोपला, आणि त्यानंतर त्यानं तिच्याशी कामाबद्दल एक अक्षर काढलं नाही. इतक्या वर्षांच्या कामावर ही बाई एक शब्द बोलली नाही, असा दगड छातीवर ठेवून तो महिनोन्‌महिने त्या घरात वावरत होता. वाढलेलं जेवत होता, मनातल्या मनात तिला बोल लावत होता. आणि तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

"बाबा? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "तुझी सुट्टी संपेल. जा तू."

संध्याकाळी तो पाव घेऊन घरी आला. बायको खिडकीशी खुर्ची ओढून एका फाटक्या नकाशापुस्तकाचं पाठीचं कापड चिकटवत होती. दार उघडल्याचं तिला कळलं नाही. तो दारातच उभा राहिला. तिची पाठ दिसत होती, ब्रश पुढेमागे करणारा कोपर दिसत होता, आणि ती काहीतरी गुणगुणत होती. सूर कुठल्या कुठे चालला होता, कारण तो तिला स्वतःला ऐकू जात नव्हता. पण ती मजेत होती. हे त्याला सगळ्यात जड गेलं. तिच्या त्या मजेत त्याला दार नव्हतं. त्यानं बूट काढले, बोलला नाही, वळसा घालून तिच्यासमोर आला आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसला. तिनं वर पाहिलं.

"आलास? पाव?"

त्यानं पाव दाखवला. मग आपल्या कानामागे बोट नेऊन विचारलं, "बंद का ठेवतेस?"

ब्रश थांबला. तिनं तो खळीच्या वाटीत नीट आडवा ठेवला, बोटं पुसली. "सकाळचा धागा," ती म्हणाली. "मला वाटलंच."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तूच लावून दिलेलं." ती जरा हसली. "त्याच्यातून तुझा आवाज यायचाच नाही रे. डब्यात खडे हलवावेत तसं काहीतरी यायचं. त्यातून मी तुझे शब्द वेचायचे, आणि तू पलीकडच्या खोलीत. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. मग एक दिवस बंद केलं. म्हटलं बघू, ऐकू गेलं नाही की येईल समोर."

"आणि?"

"तू नाही आलास."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती फक्त त्याला ऐकू आली.

"आधी राग आला," ती सांगत होती. "मग रागही गेला. आत फार शांत असतं. तुला पटायचं नाही, पण मला बरं वाटायला लागलं. ग्रंथालयात सगळे समोर येऊन बोलतात. कानात काही दिसलं की माणसं आपोआप तोंड पुढे करतात, म्हणून नुसतं लावून ठेवते."

"मी सगळी वर्षं तुझ्या कानांसाठी..."

"नाही," ती म्हणाली. आवाज किती चढला ते तिला कळलं नाही, तो जरा मोठाच लागला. "सुरुवात माझ्यासाठी केलीस. नंतर तुला ते काम आवडायला लागलं. आवडू दे की! मलाही ही पुस्तकं आवडतात. पण ते माझ्या डोक्यावर नको ठेवूस. मी तुझ्याकडे कान कधी मागितले होते?"

मागितले नव्हते. तुझे कान मी परत आणणार, असं तो म्हणाला होता, तेव्हा तिनं काय म्हटलं होतं ते त्याला आत्ता लख्ख आठवलं. ती म्हणाली होती, "आज लवकर ये." त्यानं तेव्हा ते उत्तर म्हणून धरलंच नव्हतं.

"माझं काम बंद केलं," तो म्हणाला. तिचे डोळे त्याच्या ओठांवर होते. त्यानं सावकाश पुन्हा सांगितलं. "खूप महिने झाले. सगळं खोक्यांत भरलं आज. त्या दिवशी तुला सांगितलं होतं, दारातून. तू जेवायला वाढू का विचारलंस."

ती बघत राहिली. त्याला दिसलं की ती ते महिने मागे जाऊन एकेक करून तपासते आहे, जसे त्यानं दुपारी तपासले होते. मग तिनं तोंडावर हात ठेवला, आणि लगेच, बोलणाऱ्याचं तोंड झाकायचं नसतं हे आठवल्यासारखा काढून घेतला. "अरे देवा," ती म्हणाली. "म्हणून तू तसा होतास? मला वाटायचं, तुला माझा कंटाळा आलाय." तिनं त्याचा हात धरला. बोटं चिकट होती. खोलीतला उजेड हळूहळू नकाशापुस्तकावरून उतरून जमिनीवर गेला.

त्याला एकदम वाटलं, आवाज हवाच कशाला. त्यानं घशातून काही न काढता, नुसते ओठ हलवून एक वाक्य म्हटलं. लग्नाआधी म्हणायचा तसलं, या वयात मोठ्यानं म्हणायला लाज वाटावी असलं. तिनं एका दमात ते वाचलं आणि तिचे कान लाल झाले. "चल, काहीतरीच!" ती म्हणाली. मग तीही पुढे झुकली आणि तशीच, आवाजाशिवाय, त्याला काहीतरी म्हणाली. तिचे ओठ मिटले, उघडले, एका बाजूला जरा ओढले गेले. तो बघत होता, कान रोखावेत तसे डोळे रोखून. त्याला एक अक्षर कळलं नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. त्याला पुन्हा कळलं नाही. तिच्या डोळ्यांवरून एवढंच समजत होतं की ते महत्त्वाचं आहे, आणि ती ते आवाजात सांगणार नाही. "पुन्हा," तो म्हणाला आणि आणखी जवळ सरकला. ती तिसऱ्यांदा सांगायला लागली.